जुन्या टेम्पोचा मागचा डोळा

‘येऊ दे, येऊ दे... क्लीनर साइड काट... अजून... बस्स!’ आणि शेवटी हौद्यावर एक थाप. गाडी मागे घ्यायची ही पद्धत वर्षानुवर्षं चालली. आता छोट्या टेम्पोवर क्लीनर ठेवणं परवडत नाही. काल्हेर, पूर्णा, माणकोलीच्या गोदामांत बघा, कल्याणच्या बाजार समितीच्या आवारात बघा, नाहीतर ठाण्याच्या जांभळी नाक्यावर. ड्रायव्हर एकटाच असतो. अर्धं अंग खिडकीबाहेर काढून, दोन्ही आरशांत आळीपाळीने बघत तो टेम्पो मागे घेत असतो. आरशाला हौद्याच्या कडा दिसतात, हौद्याच्या मागे उभी असलेली हातगाडी दिसत नाही.

आमच्या घरच्या धंद्यात २०११ सालचा टाटा एस आहे, म्हणजे आपला छोटा हत्ती. डोंबिवलीच्या एमआयडीसीत माल भरायचा आणि भिवंडीच्या बाजूला नेऊन टाकायचा, हेच त्याचं काम. त्याला रस्त्याकडेच्या एका दुकानातून टचस्क्रीन स्टिरिओ आणि मागचा कॅमेरा बसवून घेतला. तासाभरात काम झालं आणि आम्ही खूश झालो. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात शीळफाट्याला सिग्नल लागला, ब्रेक दाबला, तर गाणं बंद आणि पडद्यावर मागच्या रिक्षावाल्याचा चेहरा. ब्रेक सोडला की गाणं परत सुरू. कॅमेरा चांगला होता, स्टिरिओही चांगला होता. कुजलं होतं ते टेम्पोचं अर्थिंग. ते शोधायला दोन रविवार गेले आणि त्या दोन रविवारांतून हा लेख निघाला आहे.

तर जुन्या गाडीच्या बाबतीत सुरुवात कॅमेरा विकत घेण्यापासून करू नका. आधी गाडी तपासा.

पहिली तपासणी व्होल्टची. छोटा हत्ती, पिकअप यांसारख्या गाड्या १२ व्होल्टवर चालतात. मोठ्या ट्रकमध्ये दोन बॅटऱ्या एकीला एक जोडून २४ व्होल्ट केलेले असतात. बाजारातले बहुतेक स्टिरिओ १२ व्होल्टचे. २४ची वायर थेट लावली तर पडदा उजळायच्या आत धूर निघतो. मल्टिमीटर बॅटरीला लावून बघा. इंजिन बंद असताना साडेबाराच्या आसपास आकडा आला तर ठीक. पंचवीसच्या आसपास आला तर आधी २४चे १२ करणारा कन्व्हर्टर घ्यावा लागेल. दोनपैकी एकाच बॅटरीवरून १२ व्होल्ट ‘काढून’ देणारे महाभाग भेटतात. त्यांचं ऐकू नका. त्या एका बॅटरीवर जादा ओढ पडते, दुसरी जास्त चार्ज होते आणि थोड्याच दिवसांत दोन्ही बदलायची वेळ येते.

दुसरी तपासणी रिव्हर्सच्या दिव्याची. सगळा खेळ या दिव्यावर आहे. रिव्हर्स गिअर टाकला की गिअरबॉक्सवरचा छोटा स्विच दाबला जातो, मागच्या दिव्याला वीज मिळते, आणि त्याच विजेवर कॅमेरा जागा होतो. जुन्या टेम्पोत निम्म्या वेळा हा दिवा जळतच नसतो आणि मालकाला ते ठाऊकही नसतं. चाकांना पुढेमागे लाकडी गुटके लावा, हँडब्रेक ओढा, इंजिन बंद ठेवून चावी ‘ऑन’ करा आणि रिव्हर्स टाका. दिवा लागला नाही तर बल्ब, होल्डर आणि गिअरबॉक्सवरच्या स्विचचं कप्लर या क्रमाने बघा. बल्बच्या होल्डरमध्ये हिरवट पावडर दिसली की समजायचं, तांबं कुजलंय.

इथे मल्टिमीटर फसवतो, आणि चांगल्या चांगल्या वायरमनना फसवतो. दहा धाग्यांच्या वायरीतला एकच धागा शिल्लक असला तरी मीटर १२ व्होल्टच दाखवतो, कारण मीटर स्वतः वीज जवळजवळ ओढतच नाही. म्हणून साधा टेस्ट लॅम्प वापरा. होल्डरला दोन वायरी आणि २१ वॅटचा बल्ब, एवढाच खर्च. हा बल्ब पावणेदोन अँपिअर ओढतो. वायर आतून कुजलेली असेल तर तो मिणमिणता लागेल. लख्ख लागला तर वायर खरी. कॅमेरा स्वतः एक दशांश अँपिअरच्या आसपासच वीज खातो, म्हणजे २१ वॅट पेलणाऱ्या वायरीला तो जड नाही.

आता अर्थिंग. गाडीतल्या बहुतेक दिव्यांना एकच वायर जाते. परतीचा रस्ता म्हणजे गाडीचं लोखंड. मागच्या दिव्यांच्या डब्यातून एक काळी वायर निघते आणि चासीला एका स्क्रूने लागते. ब्रेक, इंडिकेटर, रिव्हर्स, सगळ्यांची परतीची वीज त्या एका स्क्रूतून जाते. आमच्याकडे तो स्क्रू गंजून नुसता नावाला उरला होता. ब्रेक दाबला की ब्रेकच्या बल्बमधून आलेल्या विजेला परतीचा रस्ता मिळायचा नाही. मग ती रिव्हर्सच्या बल्बमधून उलटी फिरून रिव्हर्सच्या वायरीत शिरायची. त्यातले काही व्होल्ट स्टिरिओला पोचायचे आणि त्याला वाटायचं, गिअर पडला. शीळफाट्यावरच्या भुताटकीचं कारण एवढंच. हा बिघाड ओळखायची खूण लक्षात ठेवा: एक दिवा लावल्यावर दुसराच कुठलातरी मंद पेटला की अर्थ गेला. इंडिकेटरबरोबर टेललाइटही मिचमिचत असेल तर कॅमेऱ्याचा विचार थोडा बाजूला ठेवा.

इलाज स्वस्त आहे. स्क्रू काढा, भोकाभोवतीचा गंज आणि रंग पॉलिश पेपरने घासून चकचकीत लोखंड बाहेर काढा, वायरीच्या टोकाला नवा रिंग टर्मिनल दाबा, दात असलेला वॉशर घालून नटबोल्टने घट्ट करा आणि वरून ग्रीसचा हात फिरवा. ग्रीस आधी नाही, घट्ट केल्यावर. मग रिव्हर्सचा दिवा चालू ठेवून मल्टिमीटरचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला आणि दुसरं या नव्या बोल्टला लावा. ०.२ व्होल्टच्या आत आकडा आला पाहिजे. अर्धा-पाऊण व्होल्ट दिसला तर बॅटरीपासून चासीला येणारी जाड वायरही उघडून घासा.

हे झालं की कॅमेरा घ्यायला जा. लॅमिंग्टन रोड असो की घराजवळचं दुकान, तीन गोष्टी विचारा. पहिली, पाणी आत न जाण्याचा दर्जा. निदान आयपी ६७ हवा. आयपी ६९के असेल तर जोरदार फवाऱ्याने गाडी धुतली तरी चालतं. दुसरी, सिग्नलचा प्रकार. साधे कॅमेरे सीव्हीबीएस देतात, नवे एएचडी. स्टिरिओ दोन्ही घेतो का आणि सेटिंगमध्ये कुठे बदलायचं, ते दुकानातच लावून बघा. जोडी जुळली नाही तर चित्र काळं येतं किंवा वर-खाली पळतं, आणि माणूस घरी येऊन उगाच वायरी उचकत बसतो. तिसरी, केबल. सोबत साधारण सहा मीटरची केबल येते. छोट्या हत्तीला ती पुरते. पिकअपला वळणं घेत नेताना कमी पडू शकते. मोठ्या ट्रकला दहा-पंधरा मीटर लागते, आणि तिथे चार पिनांचं, फिरवून घट्ट करायचं कप्लर असलेलीच घ्या. दोन तुकडे जोडून लांबी भागवू नका. चासीखालचा जोड पहिल्याच पावसाळ्यात पाणी पितो. बिनतारी कॅमेरे विकतात, पण वीज द्यायला मागे वायर ओढावी लागतेच, आणि लोखंडी हौद्यापलीकडून चित्र अडखळत येतं. मागे येताना अर्धा सेकंद उशिरा दिसलेली भिंत काय कामाची?

नंबरप्लेटच्या स्क्रूवर बसणारा, प्लेटच्या चौकटीसारखा कॅमेराही मिळतो. तो नको. आता जुन्या गाड्यांनाही उच्च सुरक्षा नंबरप्लेट लागल्या आहेत आणि त्या एकदाच बसणाऱ्या कुलपांनी अडकवलेल्या असतात. ती कुलपं तोडल्याशिवाय चौकट बसत नाही. शिवाय प्लेटचा एक अंक जरी झाकला गेला तरी फिटनेसला गाडी नेल्यावर उत्तर द्यावं लागेल. आठ वर्षांपुढच्या मालवाहू गाडीला ती फेरी दरवर्षीची.

कॅमेरा लावायची जागा हा छोट्या टेम्पोतला खरा पेच. मन जातं फाळक्याकडे, कारण तो सपाट आणि उंच. पण फाळका दिवसातून वीस वेळा उघडतो, त्याबरोबर वायर दुमडते आणि महिन्याभरात तुटते. बरं, फाळका खाली सोडल्यावर तो बंपरच्या पुढ्यात लटकतो, म्हणजे खाली लावलेला कॅमेरा झाकला जातो. माल उतरवताना कोणी कॅमेऱ्यात बघत नाही, तेव्हा झाकला तर झाकू दे. पण लटकणारा फाळका कॅमेऱ्यावर आपटता कामा नये. मी चासीच्या मागच्या आडव्या पट्टीवर, मधोमध, फाळक्याच्या धडकेच्या आत दोन बोटं सरकवून लावला. हौद्यावर लोखंडी सांगाडा आणि ताडपत्री असेल तर वरच्या आडव्या नळीवरून उत्तम दिसतं आणि चिखलही उडत नाही, मात्र वायर लांब लागते. भोक पाडल्यावर कडेला रंग लावा, नाहीतर गंज तिथूनच सुरू होईल.

वायरी ओढण्याआधी बॅटरीची निगेटिव्ह काढून ठेवा. केबल सायलेन्सर ज्या बाजूला नाही त्या बाजूने, चासीच्या आतल्या अंगाने न्या. छोट्या हत्तीचं ७०२ सीसीचं इंजिन सीटखाली असतं, त्यामुळे केबिनच्या फरशीजवळ उष्णताही असते आणि स्टार्टरची जाड वायरही असते. या दोन्हींपासून वीतभर लांब राहा. सगळीकडे पन्हाळीदार प्लास्टिकची नळी घाला आणि हातभर अंतरावर केबल टाय मारा. प्रोपेलर शाफ्टच्या आसपास केबल लोंबता कामा नये. लोखंडातून केबल आत घेताना रबरी ग्रोमेट घातलाच पाहिजे, नाहीतर पत्र्याची धार सहा महिन्यांत वायरीचं आवरण कापते. ज्या ट्रकचं केबिन पुढे झुकतं, तिथे बिजागरीजवळ हातभर ढील सोडा. केबिन उचलल्यावर ताणली जाऊन तुटलेली केबल ही गॅरेजमधली नेहमीची गोष्ट आहे.

स्टिरिओ बसवायची जागा जुन्या डॅशबोर्डात असलीच तर एकेरी टेपची असते, साधारण अठरा सेंटीमीटर रुंद आणि पाच उंच. दुहेरी उंचीचा स्टिरिओ बसवायला डॅशबोर्ड कापणारे आहेत. मी म्हणेन, एकेरी बॉडीचा आणि पुढे तरंगता पडदा असलेला घ्या. कापलेला डॅशबोर्ड कल्याण-शीळ रस्त्यावरच्या खड्ड्यांत आयुष्यभर खडखडतो.

मागच्या वायरींत पिवळी कायमच्या बॅटरीला, लाल चावीच्या विजेला, काळी अर्थला, हे जवळजवळ सगळीकडे सारखं. पिवळी आणि लाल एकत्र पिळून थेट बॅटरीला लावणारे लोक आहेत. स्टिरिओ मग झोपतच नाही आणि दोन दिवस उभा राहिलेला टेम्पो सोमवारी सकाळी ढकलायला लागतो. रिव्हर्सची वायर मात्र कुठे तपकिरी, कुठे गुलाबी, कुठे जांभळी. रंगावर विसंबू नका, स्टिरिओच्या डोक्यावरचा कागद वाचा. ‘बॅक’ किंवा ‘रिव्हर्स’ लिहिलेलं असेल ती. चित्रासाठीचं पिवळं गोल सॉकेट वेगळं असतं, त्यावर ‘कॅम’ असं काहीतरी लिहिलेलं असतं. शेजारचं तसंच दिसणारं ‘व्हिडिओ आउट’ असतं. त्यात घुसवलं तर काहीच येत नाही.

चित्राच्या केबलबरोबरच एक बारीक लाल तार दोन्ही टोकांना बाहेर आलेली असते. मागच्या टोकाला ती रिव्हर्स दिव्याच्या चालू वायरीला आणि कॅमेऱ्याच्या लाल वायरीला जोडायची, पुढच्या टोकाला स्टिरिओच्या रिव्हर्स वायरीला. एक गिअर पडला की मागे कॅमेरा जागा होतो आणि पुढे पडदा पालटतो. दिव्याकडून येणाऱ्या जोडावर एक अँपिअरचा फ्यूज घाला. तो फ्यूज दिव्याच्या जवळ असू द्या, कारण त्याने पुढची सगळी वायर राखायची असते.

कॅमेऱ्याची काळी वायर कुठे लावायची यावर दोन मतं आहेत. जवळच्या चासीला लावा, असं बहुतेक म्हणतात, आणि नव्या गाडीत ते बरोबरच आहे. पंधरा वर्षांच्या गंजक्या चासीत मी तसं करत नाही. पुढचा अर्थ आणि मागचा अर्थ यांत जरासाही फरक पडला की ती वीज चित्राच्या केबलच्या जाळीतून धावते आणि इंजिन चालू असताना पडद्यावर आडव्या रेषा सरकत राहतात. म्हणून कॅमेऱ्याची काळी वायर वेगळ्या वायरीने थेट स्टिरिओच्या काळीपर्यंत आणावी. सहा मीटर वायरीचा खर्च तो काय. तरीही चित्र थरथरत असेल तर रिव्हर्सच्या दिव्यावरून एक रिले चालवा: ८६ला दिव्याची वीज, ८५ला अर्थ, ३०ला फ्यूजमधून आलेली स्वच्छ वीज, ८७वरून कॅमेरा.

जोड पिळून वर काळी टेप मारू नका. ठाण्या-कल्याणच्या पावसात ती टेप ऑगस्टपर्यंत चिकट घाण होते. सोल्डर करा, आत गोंद असलेली आकसणारी स्लीव्ह गरम करून बसवा. सिलिकॉन लावायचंच असेल तर व्हिनेगरसारखा आंबट वास येणारं नको, ते तांबं खातं. कॅमेऱ्याजवळच्या कप्लरआधी केबलला खाली एक झोका द्या. पाणी वायरीवरून ओघळत येतं, ते त्या झोक्याच्या तळाला थेंबाथेंबाने पडून जातं आणि कप्लरपर्यंत चढत नाही.

आता बॅटरी जोडा आणि रिव्हर्स टाका. पडदा पालटलाच नाही तर दोष रिव्हर्सच्या वायरीत. पडदा पालटला पण ‘सिग्नल नाही’ किंवा नुसता काळा, तर रिव्हर्सची वायर ठीक आहे. दोष कॅमेऱ्याच्या विजेत, चित्राच्या केबलमध्ये किंवा सीव्हीबीएस-एएचडीच्या सेटिंगमध्ये. एवढा एक फरक कळला तरी निम्मी उचकाउचक वाचते.

मग कोणालातरी मागे क्लीनर साइडला उभं करून हात वर करायला सांगा. पडद्यावर तो डावीकडेच दिसला पाहिजे, आरशात दिसतो तसा. उजवीकडे दिसला तर चित्र उलटं आहे. बऱ्याच कॅमेऱ्यांना हिरव्या-पांढऱ्या तारेच्या दोन छोट्या आकड्या असतात. एक कापली की चित्र डावं-उजवं पालटतं, दुसरी कापली की रंगीत रेषा जातात. कुठली कशाची ते कागदावर बघूनच कात्री लावा. उलट्या चित्रावर टेम्पो मागे घेणं हे कॅमेरा नसण्यापेक्षा वाईट.

त्या रंगीत रेषा कारखान्यात कुठल्यातरी मोटारीच्या उंचीला धरून आखलेल्या असतात, तुमच्या टेम्पोच्या नव्हे. सपाट जागेवर फाळक्यापासून मोजून अर्धा, एक आणि दोन मीटरवर खडूने रेघा मारा, प्रत्येक रेघेवर एक वीट ठेवा आणि पडद्यावर त्या कुठे येतात ते बघा. पडद्याच्या कडेला रंगीत टेपचे बारीक तुकडे चिकटवले तरी चालतात. हीच तपासणी माल भरलेल्या टेम्पोवर पुन्हा करा. मागचे पाटे दबले की कॅमेरा खाली झुकतो आणि अर्ध्या मीटरची रेघ सरकते. रुंद भिंगामुळे वस्तू आहेत त्यापेक्षा लांब वाटतात, हेही विटांवरून लगेच कळेल.

कॅमेऱ्याला डोक्यावरचं काहीच दिसत नाही. गोदामाचं अर्धवट उघडलेलं शटर, डोंबिवलीच्या जुन्या गल्ल्यांतले छज्जे, लोंबणाऱ्या केबलच्या वायरी, सगळं त्याच्या नजरेबाहेर. अनोळखी जागी मी अजूनही उतरून एक फेरी मारतो, मगच रिव्हर्स टाकतो. पावसाळ्यात उतरलो की अंगठ्याने भिंगही पुसतो.

सगळं बसल्यावर वहीचं एक पान फाडा. कुठल्या रंगाची वायर कशाला जोडली, फ्यूज कुठे आहे, अर्थचा बोल्ट कुठला, केबल कुठल्या बाजूने गेली, हे पेनाने लिहा. पान प्लास्टिकच्या पिशवीत घालून गाडीच्या कागदपत्रांबरोबर ठेवा. पुढच्या पावसाळ्यात टेम्पो ज्या वायरमनसमोर उभा राहील, त्याला तुमचे दोन रविवार परत घालवावे लागणार नाहीत.